आजोबांच्या वाढदिवसाची फिकट पत्रं

जग वाचवायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न मोठमोठ्या परिषदांना अजून सुटलेला नाही. मला तो परदेशातून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सव्वाआठ वाजता, आमच्या स्वयंपाकघरात सुटला. मी प्रिंटरपासून सुरुवात केली.

सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून मी डेन्मार्कला गेलो आणि पंचविसाव्या वर्षी परत आलो. मधल्या नऊ वर्षांत मी शाश्वत विकास शिकलो, वाऱ्याच्या तोंडावर सायकल चालवायला शिकलो आणि आपल्या लोकांचं नेमकं काय चुकतं ते तर तोंडपाठच करून आलो. जपानातल्या आमच्या शिओमिच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा या बंदराच्या गावाला माझी किती गरज आहे ते मला फलाटावरच जाणवलं. (गावाला ते अजून जाणवायचं आहे.)

आता प्रिंटर स्वयंपाकघरात का, तर त्या वर्षी गल्लीच्या मंडळाची चिटणिशी पाळीपाळीने आमच्या घराकडे आली होती. आमच्या घराकडे म्हणजे आईकडे. बाबा नोकरीसाठी नागोयाला असतात आणि महिन्यातून एकदा धुवायचे कपडे घेऊन घरी येतात. तर मंडळाचा तो जुना लेझर प्रिंटर फ्रिज आणि भाताचा कुकर यांच्या मधल्या जागेत बसवलेला होता आणि आई त्यावर कचऱ्याच्या वारांचं परिपत्रक काढत होती. हे परिपत्रक एका पाटीला लावून घरोघर फिरतं. प्रत्येक जण वाचतो, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारतो आणि पाटी शेजारच्या दारात ठेवतो.

"आई, एवढा काळाकुट्ट मजकूर कशाला?" मी विचारलं.

"वाचता यावा म्हणून."

या उत्तरातला मागासलेपणा मला सहन झाला नाही. मी प्रिंटरच्या पडद्यावरची बटणं दाबत दाबत पार तळाशी गेलो. तिथे 'टोनर बचत' नावाची एक सोय कित्येक वर्षं बिचारी बंद पडून होती. मी ती चालू केली. मग एका वर्षात जग किती टोनर उधळतं यावर मी आईला वीस मिनिटं समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणजे तोंड माझ्याकडे ठेवून ती सूप ढवळत होती.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या ओगावाराबाईंनी रिकाम्या बाटल्या तीन तारखेऐवजी आठ तारखेला बाहेर ठेवल्या. वय एकोणऐंशी. परिपत्रक खिडकीशी धरून, भिंग लावून वाचलं, तरी तीन की आठ ते कळेना, असं त्यांचं म्हणणं. बाटल्या दिवसभर रस्त्यावर उभ्या राहिल्या. गल्लीत कुजबूज झाली.

"तोमो, अक्षरं फिकट येताहेत रे," आई म्हणाली.

"अक्षरं फिकट नाहीत, आई. आपल्या सवयी गडद आहेत."

(हे वाक्य मी खरोखर बोललो. इतकंच नाही, नंतर खोलीत जाऊन वहीत उतरवून ठेवलं.)

त्यानंतरच्या सात आठवड्यांत मी घरात आणखी एकोणीस सुधारणा केल्या. मागच्या अंगणात खताची पेटी ठेवली. आंघोळीच्या पाण्याची पातळी टबाच्या निम्म्यावर आणली. कमोडची गरम बैठक बंद केली. ती आजोबांनी एका मिनिटात पुन्हा चालू केली आणि मी हे केलंय हे माहीत असूनही एक शब्द बोलले नाहीत. या सगळ्या क्रांतीच्या धांदलीत मी पहिली सुधारणा साफ विसरून गेलो. मोठ्या कामात लहान गोष्टींचं असं होतंच.

आजोबांचं नाव निराकि कानेइचि. उभा जन्म ततामी बनवण्यात गेला. घरात जमिनीवर घालायच्या त्या पेंढ्याच्या जाड चटया; त्या आजोबांनी शिवलेल्या असल्या तर त्यावर तीन पिढ्या झोपतात, असं गावात म्हणतात. नोव्हेंबरात त्यांना अठ्ठ्याऐंशी पूर्ण होणार होती. अठ्ठ्याऐंशी म्हणजे आमच्याकडे थाटाचा वाढदिवस. म्हाताऱ्याला सोनेरी पिवळं, बिनबाह्यांचं, कापूस भरलेलं जाकीट आणि तशीच टोपी घालून बसवतात आणि सगळे नातेवाईक फोटो काढतात. म्हातारा संकोचतो. तोही कार्यक्रमाचा भाग असतो.

आईने नावांची यादी करायला घेतली. आजोबा टीव्हीसमोर बसून एकेक नाव सांगत होते. एकतीस झाली.

"झाली ना मामंजी?"

आजोबांनी बराच वेळ टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर मुळ्याची पाककृती चालू होती.

"मात्सुजि," ते म्हणाले.

आईचा पेन थांबला.

मात्सुजि म्हणजे आजोबांचा धाकटा भाऊ. दोघं मिळून दुकान चालवायचे. सव्वीस वर्षांपूर्वी मात्सुजिआजोबा म्हणाले, आता पेंढा सोडू, ततामीत आत फोमची पाटी भरू. हलकी, स्वस्त, शिवाय यंत्रावर होते. आजोबा म्हणाले, फोमवर कुत्रा पण झोपणार नाही. मात्सुजिआजोबांनी दोन स्टेशनं पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. ते चाललंही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. दोन स्टेशनं म्हणजे गाडीने अकरा मिनिटं.

"यायचं तर येईल," आजोबा म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पण त्यांचे डोळे आईच्या यादीवरच होते, हे मी पाहिलं. यादीतल्या बाकीच्या एकतीस नावांशी आजोबांना फारसं देणंघेणं नव्हतं, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं.

आई नेहमीच्या छापखान्यातून पत्रं करून घेणार होती. लाल काठ, सोनेरी वेलबुट्टी, वर करकोचा, खाली कासव (दोन्ही दीर्घायुष्याच्या खुणा). मी हात जोडले.

"आई, एका वाढदिवसासाठी एवढी रंगीत शाई? पत्रं मी करतो. घरच्या घरी, पुनर्वापराच्या कागदावर."

"तुला जमेल?"

या प्रश्नाला नऊ वर्षांच्या शिक्षणाने द्यायचं ते उत्तर दिलं. आईने मजकुराचा कागद माझ्यापुढे सरकवला.

तिने लिहून ठेवलेला मजकूर मी वाचला. पहिल्या सहा ओळी शरद ऋतूची हवा आणि वाचणाऱ्याची तब्येत यांची विचारपूस करण्यात गेल्या होत्या. पुढच्या चार ओळींत आम्ही किती क्षुद्र आहोत ते होतं. मी सगळं छाटलं. मजकूर कसा स्वच्छ, थेट, आधुनिक असावा! अखेर उरलं ते असं:

'निराकि कानेइचि. वय ८८.
आजवर आपण त्यांच्यावर केलेल्या प्रेमाबद्दल आम्ही कुटुंबीय मनापासून आभारी आहोत.
रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी १०, राहत्या घरी. आपण यावे.'

करकोचा आणि कासव काढल्यावर कागद जरा बोडका दिसायला लागला, म्हणून चहूबाजूंनी एक बारीक चौकट टाकली. फक्त चौकट. संयम म्हणतात तो हाच.

पहिलं पत्र छापून बाहेर आलं आणि मी चष्मा पुसला. मग चष्मा ठीक आहे हे लक्षात आलं. अक्षरं राखाडी होती. पावसाळी आभाळासारखी नव्हे, पाणी घातलेल्या शाईसारखी. जवळून पाहिलं तर प्रत्येक अक्षराच्या आत बारीक बारीक भोकं होती.

मी शिकलेला माणूस. मी लगेच निदान केलं: दोष फाँटचा. बारीक वळणाचा फाँट होता, तो बदलून जाड घेतला. जाड राखाडी आलं. मग त्याहून जाड घेतला. त्याहून जाड राखाडी आलं. सात फाँट झाले. आठव्याला अक्षरं इतकी जाडजूड झाली की 'राहत्या घरी'मधलं 'घरी' चौकटीबाहेर गेलं. मग मी कागदाला दोष दिला. पुनर्वापराचा कागद खरबरीत असतो, त्यावर शाई नीट बसत नाही. पण तो दोष मान्य केला असता तर गुळगुळीत कागद आणावा लागला असता आणि माझ्या तत्त्वांचं काय झालं असतं?

शेवटी मी पत्र हातभर लांब धरून पाहिलं. आणि पटलं. सौम्य आहे हे! ओरडत नाही. राखाडी अक्षरं, राखाडी चौकट, मातकट कागद. कोपनहेगनमधल्या एखाद्या चित्रदालनाचं निमंत्रण वाटावं. मी बत्तीस पत्रं छापली.

लिफाफ्यांवरचे पत्ते आईने ब्रशने, काळ्याभोर शाईत, एकेक रेघ जपून लिहिले.

"आतलं दाखव तरी एकदा," ती म्हणाली.

"आई, विश्वास ठेव."

तिने ठेवला. आयांची ही सवय फार वाईट.

पत्रं टाकून पाच दिवस झाले. एकाही माणसाने फोन करून काही विचारलं नाही. मला धन्य वाटलं. मजकूर स्पष्ट असला की शंकांना जागा राहत नाही! आजोबांचा गुडघा धरलेला होता, त्यामुळे ते दहा दिवस घराबाहेर पडले नव्हते. मी मात्र बाजारात गेलो तर मासळीवाल्या इनाबेबाईंनी (यादीत अठरावं नाव) मला एक बांगडा जास्त घातला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"खंबीर राहा रे बाळा. आईला सांभाळ."

"सांभाळतोच आहे. पण या गावात एकट्याने लढायचं म्हणजे सोपं नाही."

"जाणते मी," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. म्हणजे त्यांच्या रबरी एप्रनच्या टोकाने.

हवामानाच्या प्रश्नावर एवढ्या कळवळ्याने बोलणारी बाई आपल्या गावात आहे, या आनंदात मी घरी आलो.

मंगळवारी सकाळी पार्सल आलं. आई अंगणात खताची पेटी बंद करत होती (त्या पेटीबद्दल पुन्हा कधीतरी), म्हणून आजोबाच लंगडत दाराशी गेले, शिक्का मारला आणि खोकं घेऊन बसले. आत चंदनी उदबत्त्यांची लाकडी पेटी होती. सोबत कानाझावाच्या ओकुसाकि नावाच्या त्यांच्या जुन्या दोस्ताची चिठ्ठी. आजोबांनी ती मोठ्याने वाचली.

"'कानेइचिच्या आत्म्यास शांती लाभो.'"

आजोबांनी एक उदबत्ती नाकाशी धरली.

"चांगली आहे. भारीतली आहे," ते म्हणाले. "मी जिवंत असताना हा मला नुसतं कॅलेंडर पाठवायचा."

आई अंगणातून आली. चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे वळली. तिने काहीही विचारलं नाही, फक्त हात पुढे केला. मी खोलीतून छपाईच्या चाचणीतलं एक उरलेलं पत्र आणून त्या हातावर ठेवलं.

आईने ते पाहिलं. मग उलटं करून पाहिलं, पलीकडे काही असेल या आशेने.

"तोमो. हे असं बत्तीस जणांना गेलं?"

"हो. का?"

"पातळ शाई कशाला वापरतात?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आठवलं, आजी गेली तेव्हा काका लिफाफ्यावर नाव लिहायला दुकानातून मुद्दाम एक वेगळा ब्रशपेन घेऊन आले होते, राखाडी शाईचा. लिहिताना डोळ्यांतलं पाणी शाईत पडलं आणि शाई पातळ झाली, असं दाखवायला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पुढे डेन्मार्कमध्ये हा विषय कोणी शिकवला नाही.

"आणि चौकट, मयताच्या पत्राला असते तशी," आई म्हणाली. "आणि 'आजवर केलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत'. अरे, तू कुठे 'वाढदिवस' हा शब्द तरी घालायचास!"

"तो गृहीत होता."

"हो ना? लोकांनी दुसरंच गृहीत धरलं."

तिने तातडीने आजोबांच्या चुलत बहिणीला, कियोआजीला, फोन लावला. पलीकडून हुंदका ऐकू आला. म्हणे, आम्हाला वाटलं, आजकाल करतात तसं घरातल्या घरात उरकलंत आणि आता सगळ्यांना निरोपाला बोलावताय. दुःखाच्या घरी फोन करून त्रास नको, म्हणून आम्ही आपापसांतच रडत होतो. आई समजवायला लागली, पण तिचा शब्द कियोआजीपर्यंत पोचेना. शेवटी आजोबांनी रिसीव्हर घेतला.

"कियो, मी बोलतोय. कानेइचि."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा कियोआजी.

(काही झालं नाही त्यांना. बसल्या फक्त. जमिनीवर.)

फोनवरून माफी मागून हे निस्तरणार नव्हतं. माणूस जिवंत आहे हे कळवायचं तर लेखी कळवायला हवं, नीट माफी मागून, आणि काळ्याभोर अक्षरांत. छापखाना म्हणाला, आठवडा लागेल. आमच्याकडे पाच दिवस होते आणि पत्रं त्या संध्याकाळी पोस्टात पडायला हवी होती. आईने माफीचा मजकूर लिहिला (हवा, तब्येत, क्षुद्रपणा, सगळं परत आलं; यावेळी क्षुद्रपणाच्या ओळी आठ होत्या) आणि माझ्याकडे दिला.

"काळं छाप," ती म्हणाली.

छापलं. राखाडी आलं.

'निराकि कानेइचि जिवंत आहेत' हे वाक्य राखाडी अक्षरांत कसं दिसतं, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. भूत स्वतःची ओळख करून देतंय असं वाटतं.

मग मी कामाला लागलो. टोनरची नळी बाहेर काढली आणि इंटरनेटवर सांगितल्याप्रमाणे आडवी धरून डावीकडून उजवीकडे पाच वेळा हलवली. सहाव्यांदा हलवायची गरज नव्हती, पण मी मनापासून काम करणारा माणूस आहे. काळी भुकटी माझ्या कपाळावर, फ्रिजवर आणि कुकरच्या झाकणावर बसली. कागदावर सोडून सगळीकडे अगदी गडद काळा रंग दिसायला लागला. मग आतला हिरवा चकचकीत रूळ मी ओल्या फडक्याने पुसला. त्याला हात लावायचा नसतो, हे मी पुसून झाल्यावर वाचलं. आता पत्रावर राखाडी अक्षरांच्या जोडीला, ठरावीक अंतराने, एक ठिपका यायला लागला. अश्रूच जणू.

"छान," आजोबा मागून म्हणाले. "आता तर मलापण वाईट वाटायला लागलं."

शेवटी आईने हाताकेदाकाकांना बोलावलं. त्यांचं स्टेशनसमोर दिवे-पंख्यांचं दुकान आहे. गावातली प्रत्येक तारेची वस्तू त्यांनी एकदा तरी उघडून पाहिलेली आहे. ते आले, चपला काढल्या, माझ्या काळ्या कपाळाकडे बघून नमस्कार केला आणि प्रिंटरसमोर मांडी घालून बसले.

मी त्यांना पूर्ण अहवाल दिला. फाँटची जाडी, कागदाचा खरबरीतपणा, हवेतली आर्द्रता, टोनरचं वय, उत्पादकांची नियत. ते "हं, हं" करत बटणं दाबत होते. एक, दोन, तीन. थांबले. चष्मा वर केला.

"टोनर बचत चालू आहे की इथे."

"काय?" आई म्हणाली.

"बचत. कच्च्या कामासाठी असते ही. अर्धीच भुकटी टाकते, म्हणून अक्षरं फिकट." त्यांनी एक बटण दाबलं. "झालं. ठिपका जायला जरा वेळ लागेल. हा रूळ कुणी पुसला?"

मी फडकं पाठीमागे लपवलं.

"ही बचत आपोआप चालू होत नाही हं," हाताकेदाकाका स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "पार तळाशी असते. कुणीतरी मुद्दाम शोधून काढावी लागते."

आई माझ्याकडे पाहत होती. आजोबाही पाहत होते. कुकरच्या झाकणावरची काळी भुकटीसुद्धा पाहत असावी. मला अचानक खताच्या पेटीची आठवण झाली आणि मी ती बघायला अंगणात गेलो.

संध्याकाळी बत्तीस माफीपत्रं काळ्याभोर अक्षरांत तयार झाली. सवयीइतकी गडद. आई त्यांच्यावर तिकिटं लावत होती, तेवढ्यात आजोबांनी हात पुढे केला आणि एक लिफाफा काढून घेतला. मात्सुजिआजोबांचा.

"हे राहू दे."

"अहो मामंजी! ते काळे कपडे घालून, जपमाळ घेऊन येतील इथे!"

"येईल का?"

आजोबा त्या लिफाफ्याची कड अंगठ्याने घासत राहिले. ततामीची कड तपासताना घासतात तशी.

"वाढदिवसाला तो येणार नाही," ते म्हणाले. "मी त्याच्या सत्तरीला गेलो नव्हतो. पण मयताला? मयताला माणूस येतो. तेवढ्यालाही आला नाही तर निदान कळेल तरी."

मला पहिल्यांदाच जाणवलं की मी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात नको ती परीक्षा दिली होती. आतापर्यंत त्यांना म्हणता येत होतं, तो रुसलाय, पण माझा भाऊ आहे. आता रविवारी दहा वाजता याचा निकाल लागणार होता आणि फार वाईट लागला असता, तर त्याला कारण एक बटण होतं. त्या रात्री मी जेवलो नाही. (म्हणजे भात कमी खाल्ला.)

रविवार उजाडला. बाबा नागोयाहून आले. पाहुणे पावणेदहापासूनच यायला लागले आणि प्रत्येकाने दारातच आजोबांचा हात धरून नाडी तपासावी तसा दाबून पाहिला. कियोआजीने तर त्यांना चिमटा काढला. ओकुसाकि कानाझावाहून आले आणि आल्या आल्या त्यांनी उदबत्त्यांची चौकशी केली.

"पुढे लागतीलच," आजोबा म्हणाले. "ठेवून घेतो."

पिवळं जाकीट, पिवळी टोपी. आजोबा दाराकडे तोंड करून बसले होते. मागच्या खोलीत सुशी मांडलेली होती, सगळे भुकेले होते, पण यजमान उठायला तयार नाही. दहा वाजले. सव्वादहा. अकराला आजोबा म्हणाले, "चला, खायला बसा." त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. मग टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मला कुठे बघावं कळेना.

आणि दाराची घंटा वाजली.

आजोबा उठले. त्या गुडघ्याने कसे उठले कोण जाणे. आम्ही सगळे मागे. त्यांनी दार सरकवलं.

दारात काळ्या सुटातला, ताठ, लहानखुरा म्हातारा उभा होता. हातात जपमाळ, काखेत जांभळ्या कापडात बांधलेलं काहीतरी. डोळे लाल. त्याने समोर पाहिलं. पिवळं जाकीट. वर डोकं. डोक्यावर केस नाहीत, पण मान हलतेय.

त्याने पिवळं जाकीट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मेला नाहीस?" मात्सुजिआजोबा म्हणाले.

"अजून नाही."

"मग ते पत्र?"

"नातवाने केलं. परदेशात शिकलाय."

मात्सुजिआजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. मला फार खोल नमस्कार करावासा वाटला, म्हणजे निदान तोंड तरी दिसलं नसतं.

"मी निघतो," ते म्हणाले. "पावणेबाराची गाडी मिळेल."

"उशीर का केलास?"

"लिहीत होतो!" ते ओरडले. "चार दिवस लिहीत होतो! निरोपाचं भाषण कोण करणार तुझं? त्या ओकुसाकिला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत!"

(मागून ओकुसाकि म्हणाले, "खरं आहे.")

"मग वाच," आजोबा म्हणाले.

"जिवंत माणसासमोर?"

"एवढं लिहिलंयस, तर वाया कशाला घालवतोस? बूट काढ."

मात्सुजिआजोबा आत आले. बसायच्या आधी त्यांनी अंगठ्याने खोलीतल्या ततामीची कड घासून पाहिली आणि नाक मुरडलं. मग कापड सोडून लांबलचक घडीचा कागद काढला. खाकरले. खोलीत सुशीकडे कोणी बघत नव्हतं.

"'दादा,'" त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'तू गेलास. सव्वीस वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही, कारण तू हट्टी होतास. हे आधी नोंदवून ठेवतो.'"

"पुढे," आजोबा म्हणाले.

"'मी फोम भरला. दुकान चाललं. मुलं शिकली. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.'" त्यांनी कागदाची पुढची घडी उलगडली. "'पण माझ्या झोपायच्या खोलीत अजून पेंढ्याचीच ततामी आहे. तू शिवलेली. वरची चटई तीनदा बदलली. आतला पेंढा तोच आहे. फोमवर मला झोप येत नाही. हे तुला सांगायचं राहिलं.'"

आई स्वयंपाकघरात निघून गेली. कियोआजी उघड उघड रडत होती. बाईने त्या आठवड्यात फारच सोसलं होतं.

आजोबांनी कान पुढे केला.

"शेवटचं नीट ऐकू आलं नाही. पुन्हा वाच."

"तुला चांगलं ऐकू येतं!"

"मेलेल्याला कमी ऐकू येतं."

मात्सुजिआजोबांनी पुन्हा वाचलं. आजोबांनी ते त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मात्सुजिआजोबांनी सरळ कागद त्यांच्या अंगावर टाकला आणि सुशीच्या थाळीकडे हात नेला. पावणेबाराची गाडी गेली. मग दीडची गेली. मग दोघं भाऊ आमच्या ततामीची कड कुणी वाईट शिवली यावरून भांडायला लागले आणि त्यात त्यांना इतका आनंद होत होता की मध्ये बोलायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता तुम्हीच सांगा. एका माणसाला थोडं श्रेय घ्यावंसं वाटलं तर काय चुकलं? मी उभा राहिलो. चुकांमधूनही माणसं कशी जोडली जातात आणि दुरावलेल्या समाजाला पुन्हा एकत्र आणण्यात आमच्या पिढीची भूमिका काय, यावर दोन शब्द बोलावेत, असं मनात होतं. मी घसा साफ केला. आईने मागून माझा शर्ट ओढला, पण आजोबांनी हाताने तिला थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. मी गुडघ्यांवर बसलो. आशीर्वादाची वेळ होती.

"तोमो," ते हळूच म्हणाले, "मी खरोखर जाईन ना, तेव्हा पत्रं आईला करू दे. तू केलीस तर लोक दारूची पिंपं घेऊन नाचत येतील."

मी मात्सुजिआजोबांकडे पाहिलं. निदान ते तरी माझी बाजू घेतील. शेवटी त्यांना या दारापर्यंत आणलं कोणी?

त्यांनी तोंडातला घास गिळला, चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि आईकडे वळून अदबीने वाकले.

"माझीसुद्धा तुम्हीच करा, सूनबाई," ते म्हणाले. "जमलं तर आत्ताच लिहून ठेवा. याचा हात लागायच्या आत."

आजोबांनी मान डोलावली. सव्वीस वर्षांनी दोघा भावांचं कुठल्यातरी गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होतो.